कक्ष क्रमांक सातमधली चौदा झाडं

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच बातमी लिहिली आणि तिच्यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं जे काही होतं ते मी घातलं, संपादन करताना.

घटना चंद्रपूरची आहे. (घटनास्थळ चंद्रपूर नव्हतं, पण ते पुढे येईल.) दोन हजार सालानंतरची पहिली पाच-सहा वर्षं धरा. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. गावोगावचे वार्ताहर पाठवतील त्या मजकुरातल्या चुका काढायच्या, विशेषणं कापायची आणि उरेल ते छापायचं, हे माझं काम. मी ते इतक्या कसोशीने करत असे, की एका वार्ताहराने मला स्वतःच्या लग्नाची पत्रिका पाठवली, तीही मी दुरुस्त करून परत केली! माझं स्वतःचं लग्न व्हायचं होतं. मुलगी बघण्याचे कार्यक्रम संध्याकाळी होतात आणि संध्याकाळी मी कार्यालयात असे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत हे एवढं एकच कारण मी स्वतःला देत आलो होतो.

बाबा वनखात्यात नाकेदार होते. नाकेदार म्हणजे वनरक्षक. जंगलाचा एक तुकडा, ज्याला बीट म्हणतात, तो त्याच्या ताब्यात. रोज पायी गस्त घालायची, आणि झाड चोरीला गेलं की जाब त्याने द्यायचा. आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात, त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्त झाले, वर्षभरात आई गेली, आणि मी त्यांना माझ्याकडे आणलं. दोन खोल्या, समोर अंगण, अंगणात एक कडुलिंब. कोळशाच्या धुळीने तोही राखाडी.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी त्या कडुलिंबाची थोडी साल तासली आणि तिथे डांबराने "१" असा आकडा टाकला. घरमालक धावत आले.

"नाकेदार, झाडावर आकडा काऊन टाकला जी?"

"मोजणी केली."

"किती भरले?"

"एक."

घरमालक पोट धरून हसले. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. ते डांबराचा डबा हातात घेऊन अंगणात इकडेतिकडे बघत राहिले. "२" कुठे टाकता येईल, हे शोधत असावेत.

त्यानंतर त्यांचा दिनक्रम ठरून गेला. सकाळी नऊला ते बस स्टँडवर जात. आलापल्लीवरून जाणारी अहेरीची बस जिथे लागते तिथल्या बाकावर बसत. आष्टीच्या पुलावर पाणी आहे का, आलापल्लीत पाऊस किती, मोहाला फूल आलं का, हे चालक-वाहकांना विचारत. बस सुटली की दुसऱ्या बसची वाट पाहत. तीही सुटली की घरी येत. ते कुठेही जात नसत, फक्त बस सोडायला जात. दुपारी दीडला आम्ही एकत्र जेवत असू. चारला मी कार्यालयात जाई आणि परत येई तेव्हा ते झोपलेले असत. घरात माणसं दोन होती, पण बहुतेक वेळा एका वेळी एकच.

तीन महिन्यांनी त्यांनी ट्रंक भरली आणि दाराशी आणून ठेवली.

"पहिल्या तारखेले जातो मी आलापल्लीले. खोली पायली हाय."

"तिथं एकटे काय कराल तुमी?"

"इथी काय करून राह्यलो?"

इतकी वर्षं उपसंपादक असूनही मला या वाक्यात कापण्यासारखं काही सापडलं नाही. ते जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. पण "जाऊ नका" हे दोन शब्द काही मला सुचले नाहीत. "बघू," एवढंच म्हणालो.

त्याच सुमारास कार्यालयाने जुने संगणक काढून टाकले. एक मी घरी आणला. बाबांना विरंगुळा म्हणून आणला, असं मी सगळ्यांना सांगितलं. (खरं कारण: माझ्याकडे नागपूरच्या फुटपाथवरून आणलेली एका खेळाची सीडी होती.) खेळ पुढच्या कुठल्यातरी शतकातला. माणसं पृथ्वी सोडून एका ग्रहावर येऊन राहिलेली आणि तिथूनही निघून गेलेली. मागे उरलेले एकटे आपण. सगळा ग्रह मोकळा. ओस पडलेली शहरं, निळ्या पानांची जंगलं, आभाळात दोन चंद्र. वाटेल तिकडे चालत जा, लोखंडी जनावरं अंगावर येतील त्यांना मारा, सामान गोळा करा, आपली ताकद वाढवा. ठरलेला रस्ता नाही, कुणाची घाई नाही, कुणी वाट पाहत नाही. वेष्टनावर हे सगळं मोठं आकर्षण म्हणून छापलं होतं. मला ते माझं आत्मचरित्र वाटलं.

एका रविवारी मी खेळत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे कोणाचं जंगल हाय?"

"कोणाचं नाई, बाबा. खेळ हाय."

"कोणाचंच नाई असं जंगल नसते. ड्युटी कोणाची हाय इथी?"

"माझीच समजा."

"मंग बंदुका काऊन वाजवून राह्यला? गस्त घाल ना!" मग पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अन् वरतं इंग्रजीत काय लिवून येते?"

"सेक्टर सेव्हन."

"म्हंजे?"

इथे माझ्यातला उपसंपादक जागा झाला. इंग्रजी शब्द दिसला की त्याला मराठी शब्द दिल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडत नाही. म्हणालो, "तुमच्या जंगलाचे नंबर टाकून तुकडे असते ना, कक्ष? तसंच हे. कक्ष क्रमांक सात." पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ हा अनुवाद!

बाबा आठवड्याभरात खेळ शिकले. पण खेळत मात्र भलतंच. बंदूक त्यांनी पहिल्याच दिवशी जमिनीवर ठेवली. "नाकेदाराले बंदूक नाई भेटत. काठी हाय का?" खेळात काठी नव्हती. मग ते रिकाम्या हाताने निघाले. लोखंडी जनावर दिसलं की झाडाआड थांबत, वारा कुठून आहे ते बघत (संगणकात!) आणि ते निघून गेलं की पुढे जात.

"मारा ना त्याले, बाबा! गुण भेटते."

"त्याची पाण्याची वाट हाय ते. आपुन काऊन आडवं यावं?"

त्या खेळात मी दर दहा मिनिटांनी मरत असे. बाबा एकदाही मेले नाहीत.

वेळा आपोआप वाटल्या गेल्या. सकाळी बाबा बस स्टँडवर असताना मी खेळत असे, संध्याकाळी मी कार्यालयात असताना ते. खेळ एकच, त्यातला माणूस एकच. मी जिथे सोडला तिथून ते पुढे नेत आणि त्यांनी सोडला तिथून मी. या मुद्द्याकडे मी त्या वेळी पुरेसं लक्ष दिलं नाही. (वाचकांनी द्यावं.)

पहिली तारीख आली आणि गेली. ट्रंक दाराशीच होती, पण बाबा आता तिच्यावर वही ठेवून काहीतरी लिहीत बसू लागले होते. मला बरं वाटलं. काय लिहिता, असं मात्र विचारलं नाही. दुपारी जेवताना मी शेजारी इतर दैनिकं पसरून, त्यांना मिळालेल्या आणि आम्हाला न मिळालेल्या बातम्या मोजत असे. त्या काळातली आमची संभाषणं अशी:

"काल सातव्यात चार गेली."

"हं."

"दिवसाढवळ्या तोडून राह्यले."

"हो का."

"चौदा झाली एकून."

"वा!"

बाबा बस स्टँडवरून आलापल्लीच्या खबरा आणतात, असं मी धरून चाललो होतो. पत्रकारितेत सूत्रांची शहानिशा करावी लागते. घरात कोण करतो!

पुढची पहिली तारीख सहा दिवसांवर आली होती. त्या दुपारी बाबांनी जेवण झाल्यावर माझ्यासमोर एक घडी घातलेला कागद ठेवला.

"हे पेपरात दे."

"काय हाय?"

"अहवाल. दुसऱ्या कोणाले देऊ? रेंजर नाई, राउंड ऑफिसर नाई. वरतं कोणीच नाई तिथी."

(मला वाटलं, पदं रिक्त आहेत. तेही मी बातमीत घेतलं!)

"छापशीन ना?"

चंद्रपूरला आल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी ट्रंकेकडे पाहिलं. हे छापून आलं तर, आपलं इथेही काम आहे असं त्यांना वाटेल आणि ते राहतील, असा सरळ हिशेब मी मांडला. नाही छापलं, तर सहा दिवसांनी ट्रंक अहेरीच्या बसच्या टपावर. "छापतो," म्हणालो आणि कागद न उघडता खिशात घातला.

कार्यालयात उघडला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"रोजची गस्त करीत असता माझे बीटातील कक्ष क्र. ७ मध्ये नाल्याचे पूर्वेस एकूण चौदा झाडे अवैधरीत्या तोडलेली आढळून आली. झाडांची जात अनोळखी. थुटावर कुऱ्हाडीचा अगर करवतीचा वण नाही. कापा गुळगुळीत असून जळाल्यासारखा काळा आहे. गाडीची चाकोरी नाही. पावलांचे ठसे एकाच इसमाचे. तोड दोन्ही चंद्र उगवण्याचे आत झालेली असावी. वरिष्ठ पदावर कोणीही हजर नाही. करिता योग्य कार्यवाही होणेस विनंती."

(थुट म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत उरतो तो बुंधा, आणि कापा म्हणजे त्याचा कापलेला माथा.)

इतका स्वच्छ मजकूर माझ्या एकाही वार्ताहराने कधी पाठवला नव्हता. तरीही मी दुरुस्त्या केल्या. "माझे बीट" म्हणजे त्यांचं जुनं बीट, हे उघड होतं. मी त्याचं नाव घातलं. "जात अनोळखी" वाचून वाईट वाटलं. ज्या माणसाने उभा जन्म सागात काढला त्याला झाड ओळखू येऊ नये! मी तिथे "सागवान" केलं. एकच इसम चौदा साग कसे नेईल? "टोळी" केलं. जळालेला कापा म्हणजे "अत्याधुनिक यंत्र". हे सगळं भराभर झालं. मग "दोन्ही चंद्र" या शब्दांपाशी माझं पेन थांबलं.

बराच वेळ थांबलं. बाबांचं वय झालं. दिवसभर बोलायला कुणी नाही. डॉक्टरांना दाखवायला हवं, हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं. मी "दोन्ही" हा शब्द हलक्या हाताने खोडला, इतक्या हलक्या हाताने, की शेजारच्या टेबलावरच्यालाही कळलं नाही. बाकीच्या दुरुस्त्या उपसंपादकाच्या होत्या. ही मुलाची होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर: "सागवान तस्करांच्या टोळीचा धुमाकूळ! अत्याधुनिक यंत्राने चौदा वृक्षांची कत्तल."

बाबांनी चष्मा लावून बातमी तीनदा वाचली.

"सागवान कुठून आला यात?"

"वाचकाले समजा लागते ना, बाबा."

"अन् टोळी?"

"जागा उरली होती."

"अन् चंद्र एकच लिवला."

"छपाईची चूक." (उपसंपादकाची सगळी पापं छपाईच्या नावावर जमा असतात.)

बाबांनी पेपरची नीट घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली. ट्रंकेत वस्तू ठेवली जाणं हे चांगलं लक्षण की वाईट, याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आलापल्लीचे आमचे वार्ताहर गेडामभाऊ. ते सायकली दुरुस्त करत, आमचा पेपर विकत आणि उरलेल्या वेळात बातम्या देत.

"भाऊ, मायाच गावची बातमी मले पेपरातून कळते का जी?"

"सूत्र गोपनीय आहे, गेडामभाऊ."

"राहू द्या गोपनीय. पन त्या बीटात सात नंबरच्या कक्षात तलाव हाय."

"मग तलावाच्या काठाला असेल."

"काठाले बेशरम हाय, जी! सागवान कुठी?"

बेशरम हे तलावाच्या काठी माजणाऱ्या एका झुडपाचं नाव आहे, हे मला माहीत होतं. तरी ते मला उद्देशून वाटलं. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण बाबा त्या दिवशी बस स्टँडवरच्या बाकावर बातमी सगळ्यांना वाचून दाखवून आले होते आणि दोन पोळ्या जास्त जेवले होते. मी दुसऱ्या दिवशी "अधिकाऱ्यांचे मौन का?" अशी चौकट छापली.

अधिकाऱ्यांनी मौन सोडलं. तिसऱ्या दिवशी कार्यालयात पत्र आलं. आमचे संपादक कधी ओरडत नसत. ते चष्मा काढत. त्यांनी चष्मा काढला आणि पत्र डोळ्यांजवळ धरून वाचलं, "'उक्त कक्षात तलाव असून त्यात तोडण्याजोगे काहीही नाही.'"

त्याच क्षणी गेडामभाऊंचा फोन. "भाऊ, मी सोता तलावात उतरून पायलं. थुट नाई. पायात काटा भरला. अन् लोकं मलेच इचारून राह्यले, टोळी कुठची हाय म्हून. काय सांगू?"

मी फोन ठेवला. संपादकांनी विचारलं, "तुमचं सूत्र कोण?"

"विश्वासार्ह आहे, साहेब."

"किती वर्षांची ओळख?"

"छत्तीस."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "उद्या दुपारपर्यंत पुरावा आणा. नाहीतर खुलासा छापू आणि मग तुमचं काय करायचं ते बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खेळ लावला नाही. थेट बस स्टँडवर गेलो. बाबांना त्या बाकावर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बस भरत होती, माणसं चढत-उतरत होती, आणि ते मांडीवर हात ठेवून, पाय जुळवून, हजेरीला बसल्यासारखे ताठ बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो, तरी मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. इथे मी येईन, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"बाबा, ते चौदा झाडं तुमी सोताच्या डोळ्यानं पायली?"

"पायली म्हंजे? मोजली."

"मले दाखवता?"

बाबा इतक्या चटकन उठले की बाक हलला. "आत्ताच चाल!"

अहेरीच्या बसचा वाहक घंटी मारत होता. मी बसकडे धावलो. "बाबा, या! हीच धरू!"

"बस कायले पायजे?" म्हणत ते घराच्या दिशेने चालू लागले.

मला वाटलं, टोपी आणायला निघाले. घरी येऊन त्यांनी खरोखरच खाकी टोपी घातली, ट्रंकेवरची वही घेतली, आणि संगणकासमोर खुर्ची ओढून बटण दाबलं.

"बस," ते म्हणाले.

मी दाराबाहेर पाहिलं.

"अबे, खाली बस!"

मी बसलो. पडदा उजळला. निळी पानं दिसली आणि "जात अनोळखी"चा उलगडा झाला. मग वर आभाळात दोन चंद्र दिसले आणि बाकीच्या सगळ्याचा. आधी हायसं वाटलं, की बाबांचं डोकं शाबूत आहे. मग दरदरून घाम फुटला, की माझं नाही!

"इथून दूर हाय सातवा," बाबा म्हणाले आणि चालू लागले.

"हे बटण दाबा ना, बाबा. धावते तो."

"जंगलात पळत नसते. पळनाऱ्याले काईच दिसत नाई."

मला दुपारपर्यंत पुरावा न्यायचा होता आणि बाबा मला कल्पनेतल्या ग्रहावरून पायी नेत होते. चाळीस मिनिटं आम्ही चाललो. या वाटेने मी रोज सकाळी गोळ्या झाडत पळत असे. बाबांनी मला लोखंडी जनावरांची पाण्याची जागा दाखवली. एका डोहाकाठी थांबून आवाज ऐकायला लावला. त्या खेळात पाण्याला आवाज आहे, हे मला माहीत नव्हतं. एका सपाट खडकापाशी ते आपणहून थांबले.

"इथी बसतो मी थोडा वेळ. दोन्ही चंद्र इथूनच चांगले दिसते." मग जरा वेळाने म्हणाले, "तुया आईनं पायलं असतं तं म्हनली असती, एक कमी होता का?"

नाल्याच्या पूर्वेला आलो. चौदा थुटं. काळी, गुळगुळीत. बाबांनी बोटाने मोजून दाखवली. आणि त्यांच्यामागे, चौदा लाकडांचा, उंच, सुबक मनोरा.

मनोरा माझा होता. आठवडाभर खपून मी तो बांधला होता. लाकडासाठी किरणांच्या बंदुकीने झाडं कापली होती, दिवसाढवळ्या, एकट्याने. मनोऱ्यावरून दूरवरचं दिसतं, या ग्रहावर आणखी कुणी आहे का ते कळतं, असं खेळात सांगितलं होतं. मी रोज सकाळी वर चढून चहूकडे बघत असे. कुणी नसे. संध्याकाळी त्याच मनोऱ्याखाली माझे वडील थुटं मोजत उभे असत.

"हे मचान कोनाचं तेवढं समजलं की आरोपी भेटला," बाबा म्हणाले. "ठशाचं काई जमत नाई. ठसा मायाच पावलाच्या मापाचा येते."

"बाबा... झाडं मीच तोडली."

पडद्यावर वारा वाहत होता. बाबांनी टोपी सरळ केली. मग वही उघडली, पेन काढलं.

"नाव सांग."

"बाबा!"

"नाव."

मी नाव सांगितलं.

"वडलाचं नाव?"

"तुमाले माईत नाई?"

"आरोपीनं सांगा लागते."

मी सांगितलं. त्यांनी स्वतःचं नाव न अडखळता लिहिलं.

"पत्ता?"

"हाच."

"संगं कोन होतं?"

"कोणीच नाई. एकटाच होतो."

"रोज?"

"रोज."

पेन थांबलं. "मीबी," ते म्हणाले. मग पुन्हा सरकारी आवाजात, "गस्तीले दोघं पायजे. एकट्याले कोनी दगा देल्ला तं सांगाले मानूस राह्यत नाई." आणि माझ्या नावापुढे त्यांनी सही घेतली.

दुपारी मी संपादकांना सगळं खरं सांगितलं. पुरावा म्हणून बाबांचा मूळ कागद ठेवला. त्यांनी चष्मा काढला, कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"वडील छान लिहितात," ते म्हणाले. "तुम्ही हात लावायला नको होता."

दुसऱ्या दिवशी खुलासा आला: "सदर घटना वृत्तात नमूद केलेल्या ठिकाणी घडलेली नाही." माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वांत अचूक वाक्य. मग ती घडली कुठे, हे कुणीच विचारलं नाही. गेडामभाऊंची मी फोनवर माफी मागितली. "काटा निघाला जी," एवढंच ते म्हणाले.

पहिली तारीख उजाडली. मी उठलो तेव्हा ट्रंक दाराशी नव्हती. धावत अंगणात आलो. बाबा कडुलिंबाखाली ट्रंकेवर बसून पेपर वाचत होते. कपडे आत खुंटीवर लटकत होते.

"जानार होते ना तुमी आज?"

"कसा जाऊ? गुन्हा तपासावर हाय. तपास होयेपर्यंत नाकेदाराले बीट सोडता येत नाई."

"आरोपीनं कबूल केलं ना!"

"त्यानं काय होते? साथीदार शोधा लागन."

"साथीदार नाई, बाबा. सांगतलं ना."

"त्याचाच तपास हाय."

मला जामीन मिळाला. अट एकच: रोज सकाळी गस्तीला हजेरी. बाबा आता बस स्टँडवर एकच बस सोडून परत येत आणि आम्ही दोघं संगणकासमोर बसत असू. चालायचं त्यांनी, लिहायचं मी. धावायचं बटण त्यांनी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं.

कार्यालयात माझी रवानगी आतल्या पानावर झाली. तिथे पंचांगाचा एक लहान चौकोन असतो: तिथी, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय. यात चूक करायला वावच नाही, असं संपादकांचं मत. बाबा तो चौकोन रोज मोठ्याने वाचत, चंद्रोदयापाशी थांबत आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत.

"कोनत्या चंद्राचा?"

रोज. एकही दिवस चुकला नाही. याचा व्हायचा तो परिणाम झाला. एका संध्याकाळी मी घाईत चंद्रोदयाच्या दोन वेळा लिहून पाठवल्या. सुदैवाने शेजारच्या टेबलावरच्या उपसंपादकाच्या ते लक्षात आलं. त्याने माझ्याकडे एकदा सहानुभूतीने पाहिलं आणि माझं वय, माझा एकटेपणा लक्षात घेऊन, त्यातली एक वेळ अगदी हलक्या हाताने खोडली.